कंटेनरची वर्गखोली: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक निधीचं, पत्र हातात पडलं की संस्थेतली मंडळी पहिल्यांदा वर्गासाठी जुना मालवाहू कंटेनर शोधायला निघतात. उरणच्या यार्डात जाऊन फोटो काढतात, भाव करतात, डबा उचलून आणतात आणि मग विचार सुरू होतो की ठेवायचा कुठे, मुलं किती बसणार, खिडक्या कुठे काढायच्या. पुढचं ठरलेलंच असतं. चैत्रात दुपारी बारानंतर वर्ग रिकामा. आषाढात पत्र्यावरच्या पावसाने बाईंचा आवाज पहिल्या ओळीलाही ऐकू येत नाही. खिडकी उशिरा सुचली म्हणून लावलेलं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) फाडून पुन्हा वेल्डिंग, आणि उद्घाटनाला काढलेल्या रांगोळीसमोरच गंजाचे ओघळ.

यातल्या बहुतेक चुका कामाच्या नसून क्रमाच्या आहेत. खाली क्रम दिला आहे तसाच पाळा. वीटभट्टी, ऊसतोडीचा तळ, बांधकामाची साइट, दगडखाण, सिग्नलवरची वस्ती, अशा ठिकाणच्या मुलांसाठी वर्ग उभा करणाऱ्या छोट्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे.

## टप्पा १: डबाच हवा का, हे आधी ठरवा

जवळच्या जिल्हा परिषद शाळेत एखादी खोली रिकामी असेल, समाजमंदिर दिवसा बंद असेल, तर कंटेनर घेऊ नका. ती खोली रंगवून घ्या आणि उरलेले पैसे शिक्षकांच्या मानधनाला ठेवा. कंटेनरला खरा अर्थ आहे तो दोनच ठिकाणी. एक, जिथे जागा काही वर्षांपुरतीच मिळणार आहे आणि पक्कं बांधकाम चालणार नाही. दोन, जिथे वस्तीच हलते. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या तळावर येतात आणि हंगाम संपला की गावी परततात. बांधकामाची साइट दोन-तीन वर्षांत पुढे सरकते. अशा वेळी शाळाही उचलून नेता येणं हा मोठा फायदा आहे.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून चालणारी सिग्नल शाळा अनेकांनी पाहिलेली असते आणि ‘तशीच करू’ म्हणून काम सुरू होतं. तिथे डब्यांच्या डोक्यावर पुलाची सावली आहे, हे मात्र नकलेत सुटतं. तोच डबा बीडच्या माळावर ठेवला तर ती सावली तुम्हाला पैसे मोजून उभी करावी लागेल.

कागदपत्रांच्या तीन गोष्टी याच टप्प्यावर उरका:

- शाळा की केंद्र? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. त्यामुळे मान्यता घेणार नसाल तर याला अभ्यासकेंद्र म्हणा आणि प्रत्येक मुलाचं नाव जवळच्या शाळेच्या पटावर घाला. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण ही कलम ४ मधली तरतूद तुमच्या कामाची आहे. केंद्रप्रमुखांना आणि मुख्याध्यापकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.
- जागेची लेखी परवानगी. ‘चाकावरून आणलाय, उचलून नेऊ’ हा युक्तिवाद चालत नाही. खाली पाया आहे आणि आत माणसं बसतात म्हटल्यावर ग्रामपंचायत असो की महापालिका, त्यांच्या लेखी ते बांधकामच. तात्पुरत्या बांधकामाची परवानगी, मुदतीसह, कागदावर घ्या. गायरान असेल तर ग्रामसभेच्या ठरावावर थांबू नका, जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत जावं लागेल.
- जागामालकाचं पत्र. भट्टीमालक किंवा बिल्डर तोंडी ‘ठेवा की’ म्हणतो. डबा संस्थेचा आहे आणि तो कधीही उचलून नेता येईल, एवढी दोन वाक्यं त्याच्या सहीने हवीत. ती नसतील तर दोन वर्षांनी त्याच डब्यात सिमेंटच्या गोण्या दिसतील.

## टप्पा २: मुलं मोजा, मग डब्याचं माप

२० फुटी डबा आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ १४ चौरस मीटर. आतून इन्सुलेशन आणि बोर्डाचं अस्तर लावल्यावर दोन्ही बाजूंनी मिळून १२ ते १५ सेंटीमीटर जातात आणि हातात साधारण १३ चौरस मीटर उरतात. एका मुलाला १ चौरस मीटर धरलं आणि कपाट, फळा, दारापुढची मोकळी जागा वजा केली, तर नीट बसतील अशी मुलं दहा ते बारा. ४० फुटीत वीस ते बावीस. देणगीदाराला दाखवायच्या पत्रकात २० फुटी डब्यात तीस मुलं लिहिलेली असतात. ती फक्त फोटोपुरती मावतात.

खरी अडचण रुंदीची आहे. २.२ मीटरमध्ये दोन बाजूंना बाक आणि मध्ये वाट, हे बसतच नाही. म्हणून सतरंजी आणि बैठी मेजं हाच सरळ मार्ग. फळा लावताना ४० फुटी डब्यात तो टोकाच्या भिंतीवर लावू नका. शेवटचं मूल ११ मीटर लांब पडतं आणि वर्गाचं आगगाडीच्या डब्यासारखं होतं. लांब भिंतीच्या मध्यावर फळा आणि समोर अर्धवर्तुळात मुलं, असं बसवलं की सगळी जवळ येतात. मोठा गट असेल तर दोन डबे समांतर ठेवून मधल्या अंगणावर छप्पर टाकणं हे ४० फुटीपेक्षा चांगलं. अंगणच वर्ग होतं, डबे सामानाला आणि पावसाला.

> तपासणी: ज्या जमिनीवर डबा येणार तिथे चुन्याने डब्याच्या आतल्या मापाचा आयत आखा. त्यात फळ्याची जागा, कपाट, दार दाखवा आणि खरी मुलं बसवून पाहा. पैसा खर्च न होता सगळ्यात जास्त शिकवणारी हीच पायरी आहे.

## टप्पा ३: जागा आणि दिशा

डब्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिण येतात आणि सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन फक्त आखूड टोकांवर पडतं. उलटं ठेवलंत तर चाळीसएक फुटांची पोलादी भिंत दुपारभर पश्चिमेकडून तापेल आणि कितीही इन्सुलेशन लावलं तरी संध्याकाळचा वर्ग उकडेल. दिशा फुकट मिळते, नंतर बदलायला क्रेन लागते.

झाडाची सावली मिळाली तर उत्तम, पण वाळक्या फांद्या आधी उतरवून घ्या. वरून विजेच्या तारा जात असतील तर जागा बदला, दुसरा उपाय शोधू नका. भट्टीच्या धुराच्या वाऱ्याखाली, क्रशरजवळ, ट्रक मागे घेण्याच्या वाटेवर, नाल्याच्या काठी, या जागा मालक सहज देऊ करतो, कारण त्याला त्या नकोच असतात.

ट्रेलर आत येईल का, हेही आत्ताच पाहा. ट्रेलरवर चढवलेल्या साध्या डब्याची जमिनीपासून उंची चार मीटरच्या वर जाते. शेवटच्या किलोमीटरवर आडव्या तारा, कमानी, वळणं, कच्चा पूल यांची यादी करा आणि ट्रेलरवाल्याला तो रस्ता प्रत्यक्ष दाखवा. हायड्राला (डबा उचलणाऱ्या छोट्या फिरत्या क्रेनला) उभं राहायला आणि फिरायला पक्की, कोरडी जागा हवी. काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर हायड्रा रुतते, म्हणून हे काम मे महिन्याच्या आत उरका.

## टप्पा ४: डबा पारखून घेणे

आता यार्डात जा. न्हावा शेवा बंदरामुळे उरण, द्रोणागिरी, कळंबोली या पट्ट्यात जुने डबे मिळतात. विक्रेता ‘कार्गो वर्दी’ (माल वाहायला योग्य) म्हणतो, ‘ॲज इज’ (आहे त्या स्थितीत) म्हणतो, ‘वन ट्रिप’ (एकाच फेरीचा) म्हणतो. शब्दांवर जाऊ नका, आत शिरा.

उजेडाची चाचणी. भर दुपारी आत जाऊन दारं लोटून घ्यायला सांगा. बाहेर आपला माणूस उभा हवाच, कारण हे दार आतून उघडत नाही. छतात, कोपऱ्यांत, दाराच्या रबराशी उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून पाणीही येणार.

वास. रसायनाचा, कीटकनाशकाचा, तेलाचा वास असेल तर डबा नाकारा. ‘दोन दिवस उघडा ठेवला की जातो’ हे ऐकून घेऊ नका. डब्यात आधी काय वाहिलं, हे विचारा आणि शक्य असेल तर लेखी घ्या. धोकादायक मालाच्या चौकोनी स्टिकरची खूण बाहेरच्या पत्र्यावर उरलेली असते, ती शोधा.

दारावरची पाटी. दारावर सीएससीची, म्हणजे कंटेनरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराची, धातूची पाटी असते. तिच्यावर उत्पादनाचं साल आणि वजनाची मर्यादा मिळते. जवळच लाकडावर कोणती प्रक्रिया केली त्याची नोंदही असते. डब्याची जमीन म्हणजे २८ मिलीमीटरचं मरीन प्लाय. वाळवी आणि किडींपासून वाचवण्यासाठी त्यात कीटकनाशक मुरवलेलं असतं. माल वाहायला ते ठीक आहे, पण तुमची मुलं त्याच जमिनीवर मांडी घालून बसणार आहेत. ही पाटी वाचूनच जमिनीचं काय करायचं ते ठरतं.

छत आणि खालचा सांगाडा. शिडी लावून छतावर चढा. खोलगट भाग म्हणजे पाणी साचणार. खाली वाकून आडव्या पट्ट्या पाहा आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचा. वरवरचा तांबूस थर चालतो, पापुद्रे निघाले तर नको.

कागद. परदेशी मालकीचे डबे कस्टम शुल्क न भरता तात्पुरते आलेले असतात आणि ते ठरावीक मुदतीत परत जायचे असतात. देशात विकला जाणारा डबा शुल्क भरून मोकळा झालेला हवा. जीएसटी बिलावर डब्याचा पूर्ण क्रमांक (चार अक्षरं आणि सात अंक) लिहून घ्या आणि तो डब्यावरच्या क्रमांकाशी जुळवा. संस्थेच्या लेखापरीक्षणात हे विचारलं जातंच.

४० फुटी घेत असाल तर ‘हाय क्यूब’ मागा. साधा डबा आतून २.३९ मीटर उंच, हाय क्यूब २.६९. छताला अस्तर लावल्यावर हे ३० सेंटीमीटर जीव वाचवतात. २० फुटीत हाय क्यूब क्वचितच मिळतो.

> सावधान: या टप्प्यावर पूर्ण पैसे देऊ नका. निवडलेल्या डब्याच्या क्रमांकाचा फोटो घ्या. चांगला दाखवून दुसराच पाठवण्याचे प्रकार होतात.

## टप्पा ५: कापणं आणि वेल्डिंग, यार्डातच

पूर्ण लेखात एकच टप्पा नीट वाचायचा असेल तर हा. नियम सोपा: आग आणि ठिणगी लागणारं सगळं काम आधी, मऊ आणि जळणारं काम नंतर. फोम किंवा प्लाय लावल्यावर ‘एकच छोटं वेल्डिंग राहिलंय’ म्हणून ग्राइंडर चालवला की आतून धुमसतं आणि ते बाहेरून दिसतही नाही. त्यामुळे खिडक्या, दारं, ग्रिल, पंख्यांचे ब्रॅकेट, केबलचं भोक, वरच्या छपराचे पाय, नावाच्या पाटीचे हुकसुद्धा याच टप्प्यात.

पोलादाचं काम यार्डात करा, कारण तिथे वीज आहे, कारागीर आहेत. आतलं अस्तर मात्र साइटवर. खड्ड्यांच्या रस्त्यावरून येताना बोर्डांचे सांधे उघडतात.

१. जमीन काढा. माझ्या मते मुलांच्या वर्गात जुनं प्लाय ठेवूच नये. स्क्रूची डोकी गंजलेली असतात, ती ग्राइंडरने उडवावी लागतात, वेळ जातो, पण काढून टाका. पैसे अगदीच नसतील तर ते कोरडं करून त्यावर इपॉक्सीचे (घट्ट बसणाऱ्या टणक रंगाचे) दोन हात द्या आणि वर १२ मिलीमीटरचा सिमेंट बोर्ड सांधे बंद करून ठोका. नुसतं लिनोलियम अंथरणं पुरेसं नाही. काढलेलं प्लाय चुलीत जाळायला कोणाला देऊ नका; वस्तीतली माणसं मागतात आणि त्याचा धूर विषारी असतो.

२. आखणी. भिंतीचा पत्रा जेमतेम १.६ ते २ मिलीमीटर जाडीचा असतो, त्याला ताकद येते ती नागमोडी घड्यांनी. चार कोपऱ्यांचे खांब, वरची आणि खालची लांब पट्टी यांना हात लावायचा नाही. खिडकी १.२ मीटरपेक्षा रुंद नको, दोन खिडक्यांमध्ये किमान ६० सेंटीमीटर पत्रा शाबूत राहू द्या. दोन डबे जोडायला पूर्ण भिंत काढायची असेल तर वरची पट्टी झुकते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन घेतल्याशिवाय कटर उचलू नका.

३. रंग खरवडा. जहाजी रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं. जिथे कापायचं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा ५-७ सेंटीमीटर रंग आधी घासून काढा. कारागिराला साधा रुमाल नको, मास्क द्या. हे काम वस्तीत, मुलांसमोर करायचं नाही, त्याचं हे आणखी एक कारण.

४. आधी चौकट, मग कापणं. ५० × ५० मिलीमीटरच्या चौकोनी पाइपची चौकट आतून टाके मारून बसवा, मग पत्रा कापा, मग पूर्ण वेल्डिंग. आधी कापून मग चौकट शोधत बसलात तर पत्रा उसळतो आणि खिडकी कधीच काटकोनात येत नाही.

५. खिडक्या किती? सगळ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढं धरा. २० फुटीला १.२ × ०.९ मीटरच्या तीन, ४० फुटीला सहा. त्या समोरासमोर हव्यात, नाहीतर वारा आत येऊन तिथेच थबकतो. खालची कड ६० सेंटीमीटरवर घ्या. मुलं जमिनीवर बसतात. नेहमीच्या ९० सेंटीमीटरच्या खिडकीतून वारा त्यांच्या डोक्यावरून जातो.

६. दारं. मालाचं मूळ दार बाहेरून दांड्यांनी बंद होतं. ते दांडे आणि कड्या कापून टाका. कुलपाने भागवू नका, पूर्ण काढा. कोणीतरी गमतीने बाहेरून दांडा ओढला तर आतली मुलं पोलादी पेटीत अडकली. रोजच्या वापराला १ मीटर रुंदीचं, बाहेर उघडणारं नवं दार लांब भिंतीत बसवा. मूळ दाराच्या जागी काचेची चौकट आणि दुसरं दार करा. दोन दारं दोन टोकांना, त्यावर तडजोड नाही. एका खिडकीची ग्रिल बिजागरीवर, आतून उघडणारी ठेवा. प्रत्येक दाराला डोळ्यांच्या उंचीवर काच लावा. आत एकच मोठा माणूस आणि मुलं असतात. बाहेरून येणाजाणाऱ्याला वर्ग दिसला पाहिजे.

७. प्राइमर त्याच दिवशी. हे पोलाद गंजाला दाद देत नाही अशी ख्याती आहे, पण कापलेली कड आणि साचलेलं पाणी यांपुढे ते हरतं. समुद्राच्या हवेत तर लवकरच. कापल्याच्या दिवशीच झिंक प्राइमर, नंतर इपॉक्सी. खिडकीवर पागोळीची पट्टी वेल्ड केली नसेल तर आत्ता करा.

> तपासणी: डबा यार्डातून निघण्याआधी नळीने प्रत्येक खिडकीवर पाणी मारा. इथे सापडलेली गळती अर्ध्या तासात बुजते. अस्तरामागे गेलेली दिसते ती बोर्ड फुगल्यावर.

## टप्पा ६: पाया, आणणं, लेव्हल

पाया यार्डातल्या कामाच्या बरोबरीने चालू द्या. डब्याचं सगळं वजन चार कोपऱ्यांवर येतं, त्यामुळे संपूर्ण काँक्रीटची लादी ओतायची गरज नाही. कोपऱ्यांखाली चार पेडेस्टल (काँक्रीटचे बुटके खांब) पुरतात. ४० फुटीला मध्ये दोन जास्तीचे द्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, तेव्हा खाली मुरूम लागेपर्यंत खोदा. जमिनीच्या वर ३० सेंटीमीटर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. विटा किंवा लाकडी ओंडके टेकू म्हणून लावू नका.

लेव्हल पाइपने चारही माथे आणि दोन्ही कर्ण तपासा. एक कोपरा बोटभर खाली गेला तरी सांगाडा पिळतो आणि दार अडकायला लागतं. मग लोक दार घासत बसतात.

रिकामा २० फुटी डबा सव्वादोन टनांच्या आसपास असतो, हायड्रा तो सहज उचलते. ४० फुटी पावणेचार टनांपर्यंत जातो आणि लांबीमुळे डोलतो. तिथे वरच्या कोपऱ्यांना तिरक्या साखळ्या लावू देऊ नका, स्प्रेडर बीम (साखळ्या सरळ उभ्या ठेवणारी आडवी तुळई) मागा किंवा मोठी क्रेन आणा. उतरवताना मुलं आणि बघे दोरीच्या पलीकडे.

पेडेस्टलमध्ये आधीच पुरलेल्या लोखंडी प्लेटला डब्याचे कोपरे बोल्टने बांधा. ‘एवढा जड डबा कुठे जातोय’ असं वाटतं, पण वरचं छप्पर वारा धरतं.

रॅम्प विसरू नका. ३० सेंटीमीटरचा पाया आणि त्यावर डब्याच्या जमिनीची साधारण १५, मिळून ४५ झाले. १ ला १२ चा उतार धरला तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो. ही जागा टप्पा ३ मध्येच सोडलेली नसेल तर उंबऱ्यापाशी घसरगुंडी तयार होते आणि चाकाच्या खुर्चीतलं मूल बाहेरच राहतं.

## टप्पा ७: उष्णता, आवाज, घाम

सर्वात आधी दुसरं छप्पर. डब्याच्या छतापासून ४० सेंटीमीटर वर पत्रे, दोन्ही टोकं उघडी, दक्षिण-पश्चिमेला पाऊण मीटर बाहेर काढलेले. सूर्य त्या पत्र्याला तापवतो, मधली हवा वाहून जाते आणि डबा सावलीत राहतो. पावसाचा मारही वरच्याच पत्र्यावर पडतो. इन्सुलेशन आणि दुसरं छप्पर यांपैकी एकालाच पैसे असतील तर डोळे झाकून छप्पर निवडा.

छपराचे पाय वरच्या लांब पट्टीला किंवा कोपऱ्यांना जोडा. डब्याच्या छताला स्क्रू मारायचा नाही, प्रत्येक स्क्रू म्हणजे एक गळती. याच कारणाने छतावरचा गोल फिरणारा व्हेंटिलेटरही मला पटत नाही. त्याऐवजी आखूड भिंतीवर उंच जागी एक्झॉस्ट पंखा लावा.

इन्सुलेशन. ते लावण्याआधी टप्पा ८ मधले पाइप आणि तारा टाकून घ्या. थर्माकोल नको. स्वस्त आहे, पण पेटलं की काळा विषारी धूर करतं. पफ (पॉलियुरेथेन फोम) उष्णता चांगली अडवतं, तरीही ते उघडं ठेवता येत नाही, वर सिमेंट बोर्ड हवाच. मुलांच्या वर्गासाठी मी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) घेईन: भिंतींना ५० मिलीमीटर, छताला ७५. ते जळत नाही आणि आवाज खातं. फक्त त्याला ओल चालत नाही. पावसाळ्यात आतल्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जाऊन पाणी होते, लोक त्याला ‘डब्याला घाम येतो’ म्हणतात. तेव्हा खोलीच्या बाजूने फॉइल लावून प्रत्येक सांधा टेपने बंद करा आणि तळाला पाणी निघायला फट ठेवा.

आतून सिमेंट फायबर बोर्ड. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पहिल्या पावसाळ्यात फुगतात. रंग पांढरट ठेवा, एवढ्या अरुंद खोलीत गडद रंग अंगावर येतो. चित्रं बाहेरच्या भिंतीवर काढा.

## टप्पा ८: वीज

हा टप्पा बोर्ड बंद करण्याआधीचा आहे, क्रम पुन्हा एकदा पाहून घ्या. पाइप आणि तारा टाकायच्या, मगच इन्सुलेशन आणि बोर्ड.

संपूर्ण खोली धातूची आहे. एका तारेची साल निघाली की चारही भिंतींना करंट. म्हणून:

- डब्याचे दोन समोरासमोरचे कोपरे जीआय पट्टीने दोन वेगळ्या अर्थिंग खड्ड्यांना जोडा. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.
- ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा. एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) तारेला वाचवते, आरसीसीबी माणसाला; एक आहे म्हणून दुसरी वगळू नका.
- पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारं कडं. कापलेली कड पात्यासारखी असते.
- भट्टीवरून किंवा साइटच्या बोर्डवरून आकडा टाकून वीज घेऊ नका. मीटर मिळत नसेल तर छोटा सोलर संच. तीन-चार एलईडी आणि कमी वॅटचे पंखे त्यावर चालतात.

छताला पंखा टांगू नका. अस्तरानंतर साध्या डब्याची उंची २.३ मीटरच्या आत येते. उभ्या माणसाने हात वर केला की पात्याला लागतो, खांद्यावर घेतलेल्या मुलाचं तर बोलायलाच नको. भिंतीवरचे जाळीचे पंखे लावा.

## टप्पा ९: जे डब्यात नसावं

शौचालय त्याच डब्यात कोपरा काढून करू नका. वेगळं, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, मुलींचं आणि मुलांचं स्वतंत्र. पाण्याची टाकी डब्याच्या छतावर नको. हजार लिटर म्हणजे एक टन, तोही पातळ पत्र्यावर. खाऊ शिजवायचा असेल तर गॅस बाहेर, स्वतंत्र शेडमध्ये. अग्निशामक सिलिंडर प्रत्येक दारापाशी, मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर, आणि शिकवणाऱ्या ताईंनी तो एकदा तरी चालवून पाहिलेला असावा.

## टप्पा १०: मुलं येण्याआधीच्या तीन चाचण्या

दुपार. बारा ते तीन दोन-तीन कार्यकर्त्यांनी आत बसून रोजचं काम करावं. आत एक आणि बाहेर सावलीत एक तापमापक ठेवा. आतला आकडा बाहेरच्या सावलीपेक्षा दोन-तीन अंशांहून जास्त गेला तर उद्घाटन पुढे ढकला. बहुतेक वेळा छपराची टोकं बंद केलेली सापडतात किंवा खिडक्या समोरासमोर नसतात.

पाणी. चारही बाजूंनी आणि छतावर अर्धा तास नळी. आत बोर्डाच्या तळाशी कोरडा कागद घासून पाहा.

बाहेर पडणं. शिट्टी वाजवा आणि एक दार मुद्दाम बंद ठेवा. मिनिटाच्या आत सगळी बाहेर यायला हवीत. नेहमी अडथळा होतो तो चपलांचा. दारातच ढीग असतो, त्यावर पाय घसरतो. चपलांची फळी रॅम्पच्या खाली लावा.

## टप्पा ११: देखभाल आणि हलवणं

मेच्या शेवटी छतावरचा पालापाचोळा काढा, गंजाचे ठिपके घासून प्राइमर द्या, दारांच्या बिजागऱ्यांना ग्रीस. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा. माती कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम मोठ्या मुलांकडे देऊ नका, ते ताईंचं.

ऊसतोडीच्या तळावरचा डबा हंगामानंतर हलवायचा असेल तर आधी वीज तोडा, मग सोलरचे पॅनल, मग वरचं छप्पर उतरवा. छपराच्या प्रत्येक पायावर आणि त्याच्या जागेवर सारखाच आकडा रंगवून ठेवा, नाहीतर पुढच्या ठिकाणी एकही बोल्ट भोकात बसणार नाही. मुलांची यादी आणि शिक्षण हमी कार्डं (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारी) डब्यात ठेवून पाठवू नका. मुलं गावाकडे जातात आणि डबा कारखान्याच्या आवारातच उरतो, असंच बहुधा होतं. कार्डं पालकांच्या हातात द्या आणि गावाकडच्या मुख्याध्यापकांना त्याच दिवशी फोन करा.